सातबाऱ्यावर नाव असले म्हणजे जमीन आपली झाली का? शेतजमिनीच्या वादात कोणत्या दाराशी कधी जायचे

१९६१ सालच्या एका फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, आमच्या थोरल्या आजोबांच्या नावापुढे तीन अक्षरे होती: ए.कु.म. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन तिघा भावांची, पण सरकारदरबारी एक नाव लागायचे म्हणून थोरल्याचे लागले. पुढे हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर चढले, तेव्हा ती तीन अक्षरे गळाली. थोरले आजोबा गेल्यावर त्यांच्याच मुलांची वारस म्हणून नोंद झाली. शेत तिन्ही घरे पूर्वीसारखीच कसत होती, त्यामुळे कोणी सातबारा उघडून पाहिला नाही. एक दिवस परगावचा माणूस टेप घेऊन बांधावर उभा राहिला, तेव्हा कळले की चुलत काकांनी सगळी जमीन विकायला काढली आहे आणि साठेखतही, म्हणजे विक्रीचा करारही, झाले आहे.

त्यानंतरचे आठ महिने आम्ही चुकीच्या दाराशी घालवले. तहसील कार्यालयात नोंद दुरुस्तीचा अर्ज दिला, तारखा झाल्या आणि शेवटी आदेश आला की हा मालकीचा प्रश्न आहे, दिवाणी न्यायालयात जा. तेव्हा मी वकिली करत नव्हतो. आता करतो, आणि दर आठवड्याला कोणीतरी तसेच आठ महिने घालवून माझ्यासमोर येऊन बसते. ते टळावे म्हणून हे लिहितो आहे. सगळे महाराष्ट्रातल्या शेतजमिनीपुरते आहे. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी नमुना १ व १४ चालतो आणि वारसाहक्काचा कायदाही वेगळा आहे.

सातबारा नेमका काय सांगतो

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र. सातमध्ये कब्जेदार कोण, क्षेत्र किती, कोणाचे कर्ज किंवा इतर हक्क आहेत हे असते, तर बारामध्ये पीक. हा महसुलाचा अभिलेख आहे, शेतसारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी तयार झालेला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे.

मग मालकी कशाने मिळते? नोंदणीकृत खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, वारसा, कूळ कायद्याखालचे खरेदी प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा, यांपैकी कशानेतरी. सातबाऱ्यावरची नोंद म्हणजे या मूळ कागदाची सावली. मूळ कागद खोटा असेल तर सावलीने काही होत नाही. उलट मूळ कागद भक्कम असेल, तर सातबाऱ्यावर नाव लागले नाही म्हणून हक्क बुडत नाही. याचे टोकाचे उदाहरण गावठाणातल्या घरांचे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती लोक मालकीचा पुरावा म्हणून जपतात, पण ती फक्त कराची नोंद आहे. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळाले असेल तर ते काढून ठेवा.

आधी कागद, मग भांडण

वाद सुरू झाला की पहिली नोटीस किंवा पहिला अर्ज लिहिण्याआधी कागद गोळा करा. यात पंधरा दिवस गेले तरी चालतील, फक्त पुढे सांगितलेली कोणतीही मुदत संपत आलेली नसावी.

आजचा डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढा. त्यावर मालकांच्या नावापुढे गोल कंसात फेरफार क्रमांक असतात. तेच धागे धरून मागे जायचे आहे. प्रत्येक क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधला उतारा, काढा. त्यात आधीच्या फेरफाराचा उल्लेख सापडतो, मग तोही काढा. असे करत निदान १९५० च्या दशकापर्यंत पोहोचा. बरेच जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन आपले अभिलेख या संकेतस्थळावर आले आहेत. तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक, विदर्भात त्याच काळातला अधिकार अभिलेख हा पाया असतो. पश्चिम महाराष्ट्रात एकत्रीकरण योजनेचा उतारा काढायला विसरू नका, कारण सर्व्हे नंबरचे गट झाले तेव्हा कोणाची जमीन कोणाकडे गेली हे त्यातच दिसते.

हाताने लिहिलेला फेरफार भिंगाखाली धरून वाचा. ए.कु.म. किंवा ए.कु.क. (कर्ता) दिसले, तर ती एकट्याची जमीन नसण्याचा मोठा इशारा आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मालक तेव्हा लहान होता आणि दुसऱ्याने त्याच्या वतीने नाव लावले. इतर हक्कात कूळ, वाटेचा हक्क, बहिणींची नावे, सोसायटीचा ई-करार (पीककर्जाची नोंद), बोजा, नवीन शर्त (परवानगीशिवाय न विकण्याची अट), यातले काहीही असू शकते. जुन्या फेरफाराच्या शेवटी प्रमाणित करणाऱ्याचा शेरा असतो: 'नोंद मंजूर', 'हितसंबंधितांना नोटीस बजावली', 'हरकत नाही'. नोटीस कोणाला बजावली ते तपासा. आमच्या १९६१ च्या फेरफारात तिन्ही भावांच्या सह्या होत्या. तो कागद मिळाला नसता, तर जमीन तिघांची आहे हे सांगायला पुरावा म्हणून आमच्याकडे फक्त म्हाताऱ्या माणसांची तोंडे उरली असती.

खरेदीखत, हक्कसोडपत्र वगैरे नोंदणीकृत दस्तांसाठी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची दोन, म्हणजे इंडेक्स टू, शोधा. तुमच्या नकळत झालेला व्यवहार बहुतेक वेळा इथेच पहिल्यांदा सापडतो.

कोणते दार कोणाचे

तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी) ही साखळी नोंदीची आहे. मृत्यूनंतर वारसांची नावे लावणे, खरेदीची नोंद, लेखनातली चूक, बंद केलेली वाट, सहधारकांमधली वाटणी हे त्यांचे काम. दिवाणी न्यायालय हक्काचे. मालक कोण, हिस्सा किती, खरेदीखत खोटे आहे का, मृत्युपत्र खरे आहे का, ताबा कोणाला द्यायचा, हे फक्त तेच ठरवू शकते. भूमि अभिलेख कार्यालय हद्दीचे. पोलीस मारहाणीचे आणि खोट्या कागदाच्या गुन्ह्याचे. जमीन मोकळी करून देण्याचे काम पोलिसांचे नाही, आणि तक्रार अर्जांच्या मागे फिरण्यात लोकांची वर्षे जातात.

संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. 'रामचंद्र'चे 'राजचंद्र' झाले, क्षेत्रातला आकडा चुकला, संगणकावर चढवताना नाव गळाले, अशा चुकांसाठी ते आहे. समोरचा माणूस 'ही जमीन माझीच आहे' असे म्हणू लागला की तो लेखनप्रमाद उरत नाही. आम्ही चुकलो ते इथेच.

वारस नोंद आणि बहिणीचा हिस्सा

माझ्याकडे येणारे निम्म्याहून अधिक वाद इथूनच निघतात, म्हणून जरा थांबतो.

खातेदार वारला की हक्क मिळाल्याचे तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, नाते, पत्ते आणि एक प्रतिज्ञापत्र लागते. 'सर्व' हा शब्द महत्त्वाचा. वारस नोंदीच्या अर्जात बहिणीचे नाव न लिहिणे ही महाराष्ट्राच्या गावोगावी चालत आलेली वाईट खोड आहे. प्रतिज्ञापत्रावर खोटे लिहिणे हा गुन्हा तर आहेच, पण तो फेरफार पुढे वीस वर्षांनीही कोर्टात ओढला जातो.

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मजात हिस्सा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६ मध्ये दुरुस्ती झाली आणि लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे जन्माने हिस्सेदार, झाली. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, हा गोंधळ विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मिटवला. हक्क जन्माने आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी होऊन गेली असेल, तर ती मोडत नाही.

हिशेब असा. वडिलोपार्जित चार एकर आहे. आजी आधीच गेली. वडील नुकतेच वारले. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. वडिलांच्या हयातीत वाटणी झाली असे मानून वडील, आई आणि तीन मुले असे पाच समान भाग पडतात. वडिलांचा पाचवा भाग पुन्हा उरलेल्या चौघांत समान वाटला जातो. म्हणजे प्रत्येकाला चौथा हिस्सा, एक एकर. जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल तरी उत्तर तेच. फरक मृत्युपत्राचा: स्वकष्टाची जमीन ते कोणालाही देऊ शकतात, वडिलोपार्जितात फक्त स्वतःचा हिस्सा.

बहीण म्हणाली 'मला काही नको', तर ते तोंडी किंवा तलाठ्यासमोरच्या जबाबाने होत नाही. साध्या स्टॅम्पवर नोटरी करूनही नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हक्कसोडपत्रच लागते. आणि बहिणींनो, सही करण्याआधी ते पूर्ण वाचून घ्या, कोणते गट, किती क्षेत्र, कोणाच्या लाभात. कर्ज काढायचे म्हणून, पीकविमा भरायचा म्हणून अशी सही घेतल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. फसवणूक झाली असेल तर दस्त रद्द करण्याचा दावा ती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो.

जुन्या नोंदींत बहिणींची नावे कब्जेदार सदरात न लावता इतर हक्कात टाकलेली दिसतात. त्याने त्यांचा हिस्सा कमी होत नाही, पण कब्जेदार सदरातला भाऊ परस्पर विकायला मोकळा होतो. नाव योग्य सदरात आणण्याचा अर्ज लगेच करा. एप्रिल २०२५ पासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम चालली, त्यात मृत खातेदारांच्या जागी वारस लावले गेले. तुमच्या गावात तेव्हा झालेला फेरफार एकदा काढून बघा, कोणी सुटले नाही ना.

फेरफाराला हरकत

नवीन फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते आणि चावडीवरही लागते. आपली चावडी या संकेतस्थळावरही गावनिहाय नोटिसा पाहता येतात. शहरात राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा आपले गाव तिथे उघडावे. हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत लेखी द्या, पोच घ्या. मग ती गाव नमुना ६-अ, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. साधा अर्ज पुरतो: फेरफार क्रमांक, गट नंबर, माझा हक्क कशाने, कोणते कागद सोबत. भावकीचा इतिहास तीन पाने लिहू नका, अधिकारी वाचत नाहीत आणि मुख्य मुद्दा हरवतो.

नोंद मंजूर झाली आणि तुम्हाला मान्य नसेल, तर प्रांताकडे अपील. तहसीलदार किंवा मंडळ अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध मुदत ६० दिवस. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडा आणि प्रत्येक महिन्याचे कारण द्या. मात्र मुद्दा हक्काचा असेल तर अपिलाच्या जोडीने किंवा त्याऐवजी दिवाणी दावाच लावा. नोंदीचे अपील वरच्या पायऱ्यांवर फिरत राहते आणि दाव्याची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही.

वाटणी

सगळे राजी असतील तर सर्वांत चांगला मार्ग नोंदणीकृत वाटणीपत्र. दुसरा, कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज. सगळ्यांची नावे सातबाऱ्यावर असतील, हिस्से मान्य असतील, तर तहसीलदार वाटप करतात आणि भूमि अभिलेख पोटहिस्से पाडते. एकाने जरी मालकीवर किंवा हिश्श्यावर वाद घातला, तर कलम ८५ खालचे काम थांबते आणि दिवाणी दावा करावा लागतो. कोर्टाने हिस्से ठरवले, तरी शेताचे प्रत्यक्ष तुकडे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसूल व भूमि अभिलेख यंत्रणेकडूनच पडतात. हे दोन टप्पे डोक्यात असू द्या, नाहीतर निकाल लागूनही बांध का पडत नाही याचा त्रास होतो.

तोंडी वाटणी करून वीस वर्षे वेगवेगळे कसत असाल, तर विहिरीच्या पाण्याचे बारे, बांधावरची झाडे, जनावरांचा गोठा, वाट कोणाची, हे वाटणीपत्रात एकेक करून लिहा. भांडण जमिनीच्या क्षेत्रावरून क्वचित होते. पाण्याच्या पाळीवरून रोज होते.

बांध सरकला

शेजारी दरवर्षी नांगरटीत बांध कोरतो. ट्रॅक्टर आल्यापासून हे वाढले आहे. एका फाळात चार बोटे, दहा वर्षांत गुंठा. आधी मोजणी. ई-मोजणीतून अर्ज करा, सोबत सातबारा आणि चतुःसीमेच्या शेतकऱ्यांची नावे-पत्ते. ते अचूक द्या, कारण शेजाऱ्याला नोटीस मिळाली नाही तर पुढे तो त्याच मुद्द्यावर मोजणी अमान्य म्हणतो. क्षेत्राप्रमाणे फी भरावी लागते, द्रुतगती मोजणीला अधिक.

मोजणीच्या दिवशी आपण स्वतः हजर राहा आणि पीक नसलेला हंगाम निवडा. भूकरमापक रोव्हर घेऊन येतो आणि जुन्या टिपणातले, गट नकाशातले दगड व खुणा धरून हद्द दाखवतो. त्यांना गावातला जुना, वाद नसलेला एखादा हद्दीचा दगड दाखवा, म्हणजे पूर्ण मोजणीला आधार मिळतो. दाखवलेल्या खुणांवर त्याच दिवशी दगड किंवा सिमेंटचे खांब रोवा, फोटो काढा. शेजारी सहीला नकार देत असेल तर तसे पंचनाम्यात लिहून घ्या. नंतर क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. तीच पुरावा.

मोजणी मान्य नसेल तर निमताना, म्हणजे फेर, मोजणीचा अर्ज करता येतो, ती वरचा अधिकारी करतो. त्यावरही हरकत असेल तर जिल्हा अधीक्षकांच्या पातळीवर सुपर निमताना. मोजणीने अतिक्रमण दिसले, तरी मोजणीदार तुम्हाला जमीन काढून देत नाही. शेजारी ऐकत नसेल तर क प्रत जोडून दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा करावा लागतो. कोर्ट बहुतेक वेळा पुन्हा कोर्ट कमिशनर म्हणून भूमि अभिलेखाच्या मोजणीदाराला पाठवते. म्हणून पहिली मोजणी नीट झालेली असली की दुसरीत फरक पडत नाही.

क्षेत्राचा एक साधा घोळ इथे मिटवतो. ४० गुंठे म्हणजे एकर, हे घरोघरी. पण सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा थोडा मोठा, १०१.१७ चौरस मीटर. गुंठा आणि आर एकच धरून 'माझे दीड गुंठे कुठे गेले' असे विचारत आलेल्या माणसाचे पूर्ण अर्धा तास समाधान करावे लागले होते. खरे तर त्याचे काहीही गेले नव्हते.

वाट अडवली

दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि त्यांचे दोन वेगळे अर्ज. वाट आधीपासून होती, आता शेजाऱ्याने काटे टाकले किंवा नांगरली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा. मुदत अडथळा झाल्यापासून सहा महिने. ही मुदत चुकते ती 'समजुतीने सुटेल' म्हणून थांबण्यात. समजूत काढा, पण पाचव्या महिन्यात अर्ज तयार ठेवा. यात पाण्याचा प्रवाह अडवल्याची तक्रारही येते. पुरावा म्हणून गाव नकाशा काढा. त्यावर दुहेरी तुटक रेषा असेल तर गाडीवाट, एकेरी असेल तर पायवाट. जुने फोटो, पूर्वी ऊस वाहून नेल्याच्या पावत्या, शेजारच्या इतर शेतकऱ्यांचे जबाब जोडा.

वाट कधीच नव्हती, वाटणीनंतर शेत आत अडकले, तर संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवीन रस्ता मागा. तहसीलदार स्थळपाहणी करतात, सर्वांत जवळचा, दुसऱ्याचे कमी नुकसान करणारा मार्ग पाहतात. या निर्णयाने नाराज झालेल्याला एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. मिळालेला रस्ता सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवून घ्या. शेजारच्या शेताचा मालक बदलला की नोंद नसलेली वाट पुन्हा बंद होते.

वहिवाटीने, म्हणजे वीस वर्षे उघडपणे, अखंड, हक्क समजून वापरल्याने वाटेचा सुविधाधिकारही मिळतो, तो मात्र दिवाणी कोर्टात सिद्ध करावा लागतो.

बारा वर्षे कसली म्हणून जमीन आपली?

एवढ्याने नाही. प्रतिकूल ताबा सिद्ध करायला मालकाच्या विरोधात, उघड, अखंड बारा वर्षे ताबा लागतो. मालकाच्या परवानगीने, बटाईने, खंडाने किंवा नातेवाईक म्हणून कसणारा माणूस मालक होत नाही. भावाने भावाची जमीन तीस वर्षे कसली तरी तो सहहिस्सेदारच राहतो, जोपर्यंत त्याने स्पष्टपणे हक्क नाकारून बाकीच्यांना बाहेर काढलेले नाही. उलट बाजूही पाहा. तुम्हाला जबरदस्तीने बेदखल केले असेल तर सहा महिन्यांत स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली मालकीचा वाद न घालता ताबा परत मागता येतो. ती वेळ गेली तर मालकीच्या आधारे बारा वर्षांत दावा करता येतो. शहरात राहून गावाकडची जमीन दुसऱ्याला 'बघायला' दिली असेल, तर दरवर्षी खंडपावती लिहून घ्या.

जमीन घेताना

खरेदीपूर्वी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग पाहा. वर्ग १ असेल तर सामान्यतः विकायला मोकळी. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, आणि झाला तर जमीन सरकारजमा होण्याचा धोका. इनाम-वतनाच्या जमिनी, सरकारने वाटप केलेल्या जमिनी यात मोडतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर वेगळी मंजुरी लागते. कुळाला मिळालेल्या जमिनीवर कूळ कायद्याच्या कलम ४३ चे बंधन असते. खरेदी प्रमाणपत्रानंतर दहा वर्षे उलटली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीसपट नजराणा भरून ते दूर होते. विकणाऱ्याने भरलेल्या नजराण्याचे चलन आणि आदेश पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हे कूळ कायद्याचे कलम ६३. फक्त कुलमुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर जमीन 'घेतलेले' लोक माझ्याकडे येतात तेव्हा मन खरेच विषण्ण होते. साठेखत म्हणजे विकण्याचा करार, त्याने मालकी येत नाही. मुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी जात नाही हे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरज लॅम्प प्रकरणात ठामपणे सांगितले.

शहराजवळ एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट 'एनए (बिगरशेती) होणार आहे' असे सांगून विकतात. एनएचा प्रत्यक्ष आदेश, मंजूर रेखांकनाचा नकाशा आणि वेगळा सातबारा मागा. तिन्हीपैकी एक नसेल तर तुम्ही सामाईक शेतात अनोळखी चाळीस जणांबरोबर नाव लावून बसाल. तुकडेबंदीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते, २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे केले गेले. हे नियम वारंवार बदलतात, म्हणून व्यवहाराच्या आठवड्यात दुय्यम निबंधकाकडे आजचा नियम विचारा. आपल्याच शेतात राहायला घर, गोठा, पंपघर बांधणाऱ्या शेतकऱ्याला मात्र संहितेतल्या अटींत राहून एनएची गरज नसते. शेतावर ढाबा किंवा गोदाम काढले की ही सूट लागू होत नाही.

कोर्टात जायचेच झाले तर

दावा कशाचा, हे वकिलाला भेटण्याआधी एका कागदावर चार ओळींत लिहा. मालकी जाहीर करून हवी? वाटणी? ताबा? खरेदीखत रद्द? अनेकदा हे सगळे एकाच दाव्यात एकत्र मागावे लागते. नुसती मालकी जाहीर करून मागितली आणि ताब्याची मागणी विसरली, तर तेवढ्यावर दावा अडकतो. समोरचा विकण्याच्या तयारीत असेल तर तात्पुरत्या मनाईचा अर्ज दाव्याबरोबरच लावा, आणि दावा चालू असल्याची नोटीस, जिला कोर्टात लिस पेन्डन्स म्हणतात, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. म्हणजे नंतर घेणारा 'मला माहीत नव्हते' असे म्हणू शकत नाही. तुमच्यावरच कोणी एकतर्फी मनाई आणेल अशी भीती असेल तर कॅव्हेट, म्हणजे 'आमचे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, टाका. ते ९० दिवस टिकते, नंतर पुन्हा टाकावे लागते.

महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असले तरी तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. हे सांगायला कोणी येत नाही, म्हणून सांगतो. न्यायालयाच्या आवारात त्यांची खोली विचारा.

आमचा दावा तीन वर्षांनी लोक अदालतीत मिटला. तिथल्या निवाड्यावर अपील नसते आणि कोर्ट फी परत मिळते. चुलत काकांना रस्त्याकडेचा भाग हवा होता, आम्हाला विहिरीतले पाणी. हे दोन वाक्यांत सांगता आले असते, पण कोणी विचारले नव्हते. तडजोडीवर सगळ्यांच्या सह्या झाल्या त्या आठवड्यात मी निवाड्याची सही-शिक्क्याची प्रत घेऊन तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज दिला, पोच घेतली आणि पोटहिस्स्याच्या मोजणीची फी भरली. निवाडा ट्रंकेत ठेवून सातबारा तसाच राहू देणारी घरे मी नंतर पुष्कळ पाहिली. नव्या सातबाऱ्यावर आता तीन खाती आहेत, तीन स्वतंत्र पोटहिस्से, आणि इतर हक्कात विहिरीच्या पाण्याची पाळी लिहिलेली: सोमवार-मंगळवार आम्ही, बुधवार-गुरुवार काका, उरलेले तीन दिवस तिसरे घर.